तांदळांतला पांढरा खडा

ताटांत मसूर पसरून निवडावयास बसलें म्हणजे त्यांतला पांढरा खडा नजर टाकतांच सांपडतो. त्याच ताटांत तांदूळ घेतले कीं तेवढाच खडा दहा वेळां डोळ्यांखालून जाऊनही दिसत नाहीं, आणि अखेर जेवतांना दांतांखालीं येतो. यांत दोष निवडणारीच्या डोळ्यांचा नसतो, तिच्या काळजीचाही नसतो. पांढऱ्यांत पांढरें लपतें, एवढेंच त्याचें कारण. स्त्रियांच्या स्तनांचें जें क्ष-किरण चित्र काढतात व ज्यास मॅमोग्राम म्हणतात, त्याच्या बाबतींतही हाच प्रकार घडतो. कांहीं स्त्रियांचें चित्र मसुरीच्या ताटासारखें असतें, कांहींचें तांदळाच्या. अशा दुसऱ्या प्रकारच्या चित्रावर "अस्पष्ट, अधिक तपासणी आवश्यक" असा शेरा येतो, तेव्हां चांगल्या सुशिक्षित घरांतही कोणी घाबरून जातें, तर कोणी तो कागद बाजूस सारून देतें. या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या कशा, आणि त्या शेऱ्यानंतर पुढें काय करावयाचें असतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुण्यामुंबईकडील कोणत्याही पांढरपेशा घरांत आढळेल अशी एक गृहिणी कल्पावी. वय ४६, अंगानें सडपातळ, प्रकृति निकोप. नणंदेच्या आग्रहावरून ती श्रावणांत मॅमोग्राम काढून येते. चार दिवसांनीं अहवाल हातीं पडतो. त्यांत दोन गोष्टी असतात: स्तन दाट आहेत, आणि डाव्या बाजूस एके ठिकाणीं चित्र नीट उलगडत नाहीं, सबब वर्ग शून्य. ती तो कागद कपाटांत साड्यांच्या घडीखालीं ठेवते. नणंद विचारते, "वहिनी, अहवालाचं काय झालं?" ती हंसून उत्तर देते, "वन्सं, शून्य लिहिलं आहे. शून्य म्हणजे कांहीं नाहींच कीं हो!" मनांतून मात्र तिला धास्ती वाटत असते, आणि रात्रीं दिवा मालवला म्हणजे ती धास्ती वाढते. आधीं गणपति होऊं देत, मग दिवाळी, मग मार्गशीर्षांतलें भाच्याचें लग्न, असें करतां करतां पांच महिने निघून जातात.

या गृहिणीस प्रथम हें समजावयास हवें होतें कीं, दाट स्तन हा रोग नव्हे. स्तनाची घडण मुख्यतः तीन द्रव्यांची असते: दूध निर्माण करणाऱ्या ग्रंथी व नलिका, त्यांस आधार देणारें तंतूंचें जाळें, आणि मेद. क्ष-किरण मेदांतून सहज पार जातात, म्हणून चित्रांत मेद काळसर दिसतो. ग्रंथी व तंतू यांचा भाग किरणांस अधिक अडवितो, म्हणून तो पांढरा दिसतो. आणि कर्करोगाची गांठही पांढरीच दिसते. मेद अधिक तें चित्र मसुरीचें, ग्रंथी व तंतू अधिक तें तांदळाचें. या प्रमाणासच घनता म्हणतात. ही घनता हातास कळत नाहीं. स्तन टणक लागला म्हणजे दाट आणि मऊ लागला म्हणजे विरळ, हा समज चुकीचा आहे. घनता चित्रावरूनच ठरते.

अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांची जी संस्था अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या नांवानें प्रसिद्ध आहे, तिनें घनतेचे चार वर्ग पाडले आहेत. तेथील स्त्रियांत शेंकडा सुमारें १० पहिल्या, ४० दुसऱ्या, ४० तिसऱ्या आणि १० चवथ्या वर्गांत मोडतात. शेवटच्या दोन वर्गांस दाट म्हणतात. म्हणजे जवळ जवळ निम्म्या स्त्रिया या सदरांत येतात. जी गोष्ट निम्म्याजणींच्या ठिकाणीं आढळते तिला रोग कसें म्हणावें? तरुण वय, सडपातळ बांधा, आनुवंशिकता, पाळी गेल्यानंतर घेतलेलीं संप्रेरकांचीं औषधें, या कारणांनीं घनता अधिक असते. वय वाढेल तशी ती बहुधा उतरते, परंतु सर्वांचीच उतरते असें नाहीं. तथापि घनतेचे दोन परिणाम लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला, लहान गांठ तींत लपून राहूं शकते. दुसरा, दाट स्तनांच्या स्त्रीस हा रोग होण्याचा संभव मुळांतच कांहीं अंशीं अधिक असतो. म्हणून ही गोष्ट भिण्याजोगी नसली तरी दुर्लक्ष करण्याजोगीही नाहीं.

चित्रांतली ही अडचण शास्त्रज्ञांस नवी नाहीं. १९१३ सालीं बर्लिनमधील शस्त्रवैद्य अल्बर्ट सालोमन यांनीं, शस्त्रक्रियेनें काढलेल्या स्तनांचीं क्ष-किरण चित्रें घेऊन तीं प्रत्यक्ष रोगाशीं ताडून पाहिलीं. तेथून या विद्येचा आरंभ होतो. पुढें दक्षिण अमेरिकेंतील युरग्वे देशाच्या राउल लेबोर्न यांनीं चित्र घेतेवेळीं स्तन दाबून पसरण्याचें महत्त्व दाखविलें. हा दाब पुष्कळ स्त्रियांस नकोसा वाटतो. परंतु ढिगांतले तांदूळ हातानें पसरल्याशिवाय जसे निवडतां येत नाहींत, तसेंच हें आहे. दाबामुळें एकमेकांवर आलेले पदर वेगळे होतात, चित्र रेखीव येतें आणि किरणही कमी लागतात. १९७६ सालीं अमेरिकेंतील जॉन वोल्फ यांनीं चित्रांतील घनतेचा आणि भावी रोगाचा संबंध जगापुढें मांडला. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन परीक्षणांत ४९,००० हून अधिक स्त्रियांचीं चित्रें फिल्मवर आणि संगणकीय यंत्रावर अशीं दोन्ही रीतींनीं घेतलीं गेलीं. एकंदरींत दोन्ही रीती सारख्याच ठरल्या. परंतु पन्नाशीच्या आंतील आणि दाट स्तनांच्या स्त्रियांत संगणकीय चित्र सरस ठरलें. इतकें होऊनही पांढऱ्यांत पांढरें लपण्याची अडचण पुरती गेलेली नाहीं.

आतां त्या शून्याकडे वळावें. चित्र वाचणारा तज्ज्ञ अखेरीस एक अंक लिहितो. एक म्हणजे चित्र निर्मळ. दोन म्हणजे कांहीं दिसतें, पण तें निरुपद्रवी आहे. तीन म्हणजे बहुतकरून निरुपद्रवी. रोगाचा संभव शेंकडा दोहोंहून अधिक नाहीं, तरी सहा महिन्यांनीं पुन्हां पाहावें. चार म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासावा. पांच म्हणजे संशय अतिशय दाट, शेंकडा ९५ किंवा त्याहून अधिक. आणि शून्य? शून्य हा या शिडीचा खालचा पायराच नव्हे. निकाल देण्याइतकें साहित्य अद्याप हातीं आलें नाहीं, अशी ती तज्ज्ञाची प्रांजळ कबुली आहे. तो निर्दोषपणाचा दाखला नव्हे, तशीच ती शिक्षाही नव्हे. तें अर्धवट राहिलेलें वाक्य आहे, आणि तें पुरें करून घेणें हेंच पुढचें काम. तें पुरें करतांना धीर यावा असा अनुभवही आहे. अमेरिकेंत चित्र अस्पष्ट म्हणून पुन्हां बोलावलेल्या स्त्रियांपैकीं दहांत एकीहूनही कमी जणींस कर्करोग निघतो. परंतु ती एक कोण, हें कपाटांत ठेवलेल्या कागदावरून कधींच कळत नाहीं.

वाक्य पुरें करण्याच्या रीती चार. पहिली म्हणजे त्याच यंत्रावर, पण त्या एका जागेपुरतें अधिक बारकाईनें घेतलेलें चित्र. लहान पट्टीनें तेवढाच भाग दाबतात, किंवा तो मोठा करून पाहतात. कित्येकदां पदर सुटे होतांच संशयाची सावली नाहींशी होते. ती सावली म्हणजे दोन निरोगी पदरांची नुसती गांठभेट असते. चुन्याचे बारीक कण दिसले असतील तर त्यांचा आकार व मांडणी मोठ्या चित्रांतच कळते. टोमोसिंथेसिस नांवाच्या रीतींत यंत्र कमानीसारखें फिरून निरनिराळ्या कोनांतून चित्रें घेतें आणि संगणक त्यांतून पातळ थर वेगळे करून दाखवितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें तिला २०११ सालीं मान्यता दिली.

दुसरी रीत सोनोग्राफीची. हींत किरण नसून ध्वनीच्या लहरी असतात, आणि हिचा विशेष गुण असा कीं, हिच्यांत रंगांचा न्याय बदलतो. ग्रंथींचा दाट भाग येथें उजळ दिसतो आणि कर्करोगाची गांठ बहुधा काळसर. म्हणजे तांदळांतला पांढरा खडा जणूं काळा होऊन येतो. गांठ भरीव आहे कीं पाण्यानें भरलेली साधी पिशवी आहे, हेंही तेथल्या तेथें समजतें. परंतु चुन्याचे बारीक कण हिला नीट दिसत नाहींत, म्हणून एकीनें दुसरीची जागा घ्यावयाची नसून दोघींनीं मिळून काम करावयाचें असतें. जपानांत चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारें ७३,००० स्त्रियांवर या गोष्टीचें परीक्षण झालें व त्याचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. नुसत्या मॅमोग्रामनें शंभर रोगांपैकीं ७७ सांपडले. जोडीस सोनोग्राफी दिली तेव्हां ९१. मात्र विनाकारण संशय येण्याचें प्रमाणही त्याबरोबर वाढलें. हा व्यवहार दोन्ही बाजूंनीं पाहिला पाहिजे.

तिसरी रीत एम. आर. आय. ची. शिरेंतून एक द्रव्य टोचून चुंबकीय यंत्रानें स्तनाचें चित्र घेतात. रोगट गांठीस रक्ताचा पुरवठा अधिक असल्यामुळें ती त्या द्रव्यानें उजळते, मग भोंवतालचा भाग कितीही दाट असो. ही रीत अतिशय तीक्ष्ण, पण खर्चाची व वेळखाऊ असून निरुपद्रवी गोष्टींवरही बोट ठेवणारी आहे. मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास तें आधींच सांगावें लागतें. म्हणून प्रत्येक शून्यानंतर ती करावी असें नाहीं. पहिल्या दोन रीतींनीं उलगडा न झाल्यास, किंवा आई-बहिणींत हा रोग होऊन स्त्रीचा धोका फार मोठा असल्यास तिचा उपयोग करतात.

चवथी रीत बायॉप्सीची, आणि भीति सर्वांत मोठी ती हिचीच. संशय राहिला तर ती जागा बधिर करून सोनोग्राफीच्या किंवा क्ष-किरणांच्या आधारानें सुई नेमकी तेथें नेतात, शेवयांसारखे बारीक तुकडे काढतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. पोटीस भूल द्यावी लागत नाहीं, रुग्णालयांत राहावें लागत नाहीं. स्त्री त्याच दिवशीं घरीं येते. "हत्यार लागलें कीं रोग पसरतो" हें वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अजून ऐकूं येतें. सुईच्या तपासणीनें रोग बळावून स्त्रीचें आयुष्य उणें होतें, असें अनेक दशकांच्या अनुभवांत दिसून आलेलें नाहीं. उलट, तुकडा तपासल्यावांचून रोगाचा प्रकार कळत नाहीं, आणि प्रकार कळल्यावांचून योग्य उपचार ठरत नाहीं. रोग पसरतो तो सुईमुळें नव्हे, दवडलेल्या काळामुळें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळ घोटाळा त्यावरूनच होतो. चित्रांत कांहीं संशयास्पद दिसणें ही एक गोष्ट, आणि चित्र निर्मळ असून स्तन मात्र दाट असणें ही दुसरी. पहिल्या गोष्टींत पुढील तपासणी ऐच्छिक नाहीं. ती झालीच पाहिजे. दुसऱ्या गोष्टींत जादा तपासणी करावी कीं नाहीं, याबद्दल तज्ज्ञांत अद्याप एकमत नाहीं. नेदरलंड्समध्यें पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या, अतिदाट पण निर्मळ चित्राच्या स्त्रियांपैकीं सुमारें ८,००० जणींस एम. आर. आय. साठीं निमंत्रण देण्यांत आलें. २०१९ सालीं आलेल्या निष्कर्षांप्रमाणें, दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत अचानक उघड होणारा कर्करोग या गटांत दर हजारीं २.५, तर निमंत्रण न दिलेल्या गटांत ५ इतका आढळला. हा फरक लहान नव्हे. परंतु रोग लवकर सांपडणें आणि मृत्यू टळणें या दोन गोष्टी एकच नव्हेत. म्हणून अमेरिकेच्या सरकारी सल्लागार मंडळानें २०२४ सालीं, चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रियांनीं दर दोन वर्षांनीं मॅमोग्राम काढावा असें सांगतांना, निर्मळ चित्राच्या दाट स्तनांसाठीं जादा तपासणीची शिफारस करण्यास पुरावा अपुरा आहे असेंच नमूद केलें. या दुसऱ्या गोष्टींत डॉक्टरांशीं विचारविनिमय करून, कुटुंबांतला रोगाचा इतिहास सांगून निर्णय घ्यावा, हेंच उचित.

परंतु विचारविनिमय करावयाचा तर घनता मुळांत ठाऊक असली पाहिजे. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्याच्या नॅन्सी कॅपेलो या बाईंस २००४ सालीं, मॅमोग्राम निर्मळ म्हणून कळल्यावर थोड्याच आठवड्यांत, पुष्कळ पुढें गेलेला स्तनाचा कर्करोग निघाला. तो काखेंतील तेरा ग्रंथींपर्यंत पोंचला होता. आपले स्तन दाट आहेत व त्यांत गांठ लपूं शकते, हें त्यांस तोंवर कोणीं सांगितलेंच नव्हतें. त्यांनीं हा प्रश्न विधिमंडळापुढें नेला, आणि २००९ सालीं त्या राज्यानें घनता स्त्रीस कळविण्याचा कायदा केला. इतर राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. बाई २०१८ सालीं वारल्या. परंतु १० सप्टेंबर २०२४ पासून त्या सबंध देशांत प्रत्येक मॅमोग्रामबरोबर, स्तन दाट आहेत कीं नाहींत, हें स्त्रीस लेखी कळविणें बंधनकारक झालें आहे.

हिंदुस्थानांत स्त्रियांस हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानानें सुमारें दहा वर्षें लवकर होतो, आणि लवकरचें वय म्हणजे दाट स्तनांचें वय. म्हणून अस्पष्ट चित्राचा हा प्रश्न येथेंही घरचाच आहे. मॅमोग्रामचें यंत्र सर्वत्र नाहीं, हेंही खरें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या तज्ज्ञांनीं १९९८ पासून शहरांतील कामकरी वस्त्यांतून सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर एक दीर्घ परीक्षण केलें. शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या बायकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें स्तन तपासावे, अशी योजना होती. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यू जवळ जवळ शेंकडा ३० नीं घटल्याचें दिसलें; त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाहीं. यावरून शिकलेल्या हाताचें मोल लक्षांत यावें. म्हणूनच एक नियम पक्का धरावा: हातास गांठ लागते आणि चित्र मात्र निर्मळ आहे, असा वाद पडला तर गांठीचें ऐकावें. स्तनाग्रांतून रक्तमिश्रित स्राव होणें, कातडी आंत ओढली जाणें, अशीं चिन्हें दिसलीं तरीही तोच नियम.

बाकीच्या सूचना लहान पण उपयोगाच्या आहेत. पूर्वींचीं चित्रें जपून ठेवावीं व प्रत्येक खेपेस बरोबर न्यावीं. दोन वर्षांपूर्वीं जें होतें तसेंच आज असेल तर शून्य पुष्कळदां तेथेंच मिटतें. चित्राच्या दिवशीं काखेंत व स्तनांवर पावडर लावूं नये, कारण तिचे कण चुन्याच्या कणांसारखे दिसतात. पाळीनंतरचा आठवडा निवडल्यास दाब कमी दुखतो. अहवाल हातीं येतांच तीन प्रश्न विचारावे: घनता कोणत्या वर्गाची, अखेरचा अंक कोणता, आणि पुढील तपासणी कोणती व केव्हां. तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं. आणि घरांतल्या पुरुषांनीं हें काम बायकांचें म्हणून सोडून देऊं नये. कारण तपासणीस जाण्याचा दिवस ठरत नाहीं तो बहुधा स्वयंपाक, परीक्षा आणि पाहुणे यांच्यामुळेंच.

त्या गृहिणीचें काय झालें? लग्न आटोपल्यावर साड्या आवरतांना तो कागद नणंदेच्या हातीं लागला. तिनें वाद घातला नाहीं. "वहिनी, उद्यां दहा वाजतां आपण दोघी जातों," एवढेंच ती म्हणाली. नवें चित्र झालें, सोनोग्राफी झाली, संशय उरला म्हणून सुईचीही तपासणी झाली. आठवड्यानें उत्तर आलें: साधी, निरुपद्रवी गांठ. घरांत पेढे वांटले गेले. तिचें कांहीं बिघडलें नाहीं, असें कोणीही म्हणेल. परंतु पांच महिन्यांच्या रात्री तिनें भीतीच्या स्वाधीन केल्या, आणि त्या पांच महिन्यांत तिचें भवितव्य तिच्या हातीं नव्हतें, केवळ दैवाच्या हातीं होतें. उत्तर दुसरें असतें तर तेच पांच महिने फार महाग पडले असते. तांदळांत खडा असेलच असें नाहीं, बहुधा नसतोच. पण शंका आली म्हणजे सुज्ञ गृहिणी ताट पुन्हां उजेडांत नेते आणि तांदूळ पुन्हां पसरते. जेवणाच्या बाबतींत जी दक्षता ती रोज दाखविते, तीच एकदां स्वतःच्या शरीराच्या बाबतींत दाखवावी, एवढेंच.